नाण्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा

प्रश्न: आमची विम्याची पॉलिसी पूर्ण झाली, हातात ५ लाख रुपये आलेत. मुलगी नववीत आहे. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी, नाहीतर लग्नासाठी म्हणून सोन्याची नाणी घेऊन ठेवायचा विचार आहे. सराफाकडे गेलो तर त्यांनी तीन प्रकारची नाणी पुढ्यात ठेवली: ९१६, ९९५ आणि ९९९. बँकेत गेलो तर तिथे ९९९.९. आमचे हे म्हणतात, २२ कॅरेटचंच घेऊ, शेवटी दागिनाच करायचा, चोख सोनं घेतलं तर घट जाईल; शिवाय अमेरिकेची नाणीसुद्धा २२ कॅरेटचीच असतात असं त्यांनी यूट्यूबवर ऐकलंय. धाकटे दीर कोइमतूरला गलाईत, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. ते म्हणतात, नाणी कशाला, ९९५ चा तुकडा आणून देतो, पावतीचा खर्च वाचेल. चार आकडे आणि घरात दोन मतं, माझं डोकं चक्रावलंय. त्यात सासूबाईंच्या डब्यात एक जुनी गिनी निघालीय. तीही मोडून यातच घालावी का?
– एक वाचक, विटा

ताई,

पत्राखाली विटा वाचलं आणि हसूच आलं. सोन्याच्या शुद्धतेबद्दल विट्याच्या माणसानं मला विचारावं! चोवीस वर्षं मी एका सराफी पेढीवर हिशेब लिहिला. आमच्याकडची मोड, म्हणजे मोडीत आलेले जुने दागिने, गाळायला जायची ती तुमच्याच बाजूच्या एका गलाईवाल्याकडे. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात शिरा, मागच्या बोळात भट्टी पेटवून बसलेला माणूस खानापूर, आटपाडी नाहीतर तासगावकडचा निघण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा तुमच्या दिरांना सोनं माझ्यापेक्षा जास्त कळतं हे आधीच कबूल करते. त्यांचं का ऐकायचं नाही, ते पुढे सांगते.

आधी आकडे. ९९९ म्हणजे हजार भागांत ९९९ भाग सोनं. ९९५ म्हणजे पाच भाग दुसरं काही. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, चोवीसातले बावीस भाग सोनं आणि उरलेलं तांबं, चांदी वगैरे. त्या उरलेल्याला आपल्याकडे हीण म्हणतात, आणि हीणकस हा शब्द इतका वाईट अर्थानं रुळलाय की २२ कॅरेट म्हणजे काहीतरी कमअस्सल, असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. चोख सोनं मऊ असतं, त्यात हीण घातल्याशिवाय पाटली हातात टिकणार नाही.

आता ९९५ आणि ९९९ मधला फरक रुपयांत बघू. हिशेब सोपा जावा म्हणून चोख सोन्याचा भाव तोळ्याला, म्हणजे आपल्या आजच्या बोलीतल्या १० ग्रॅमला, १ लाख धरते. प्रत्यक्ष भाव त्या दिवशी जो असेल तो, प्रमाण तेच राहील. १० ग्रॅमच्या ९९९ नाण्यात ९.९९ ग्रॅम सोनं, ९९५ मध्ये ९.९५ ग्रॅम. फरक ४० मिलिग्रॅमचा, म्हणजे ४०० रुपयांचा. ९९९ आणि बँकेच्या ९९९.९ मध्ये तर फरक ९ मिलिग्रॅमचा, ९० रुपयांचा. त्या चौथ्या नवासाठी कुणी तोळ्यामागे हजार-दोन हजार जास्त मागत असेल तर तो सोनं विकत नाही, छापील डबी विकतो.

आणि ९९५ ला नाक मुरडू नका. लंडनच्या बाजारात साडेबारा किलोच्या आसपासच्या ज्या लगडी फिरतात, त्यांना किमान ९९५ चीच अट आहे. आपल्या एमसीएक्स या वायदेबाजारात सोन्याचा जो १ किलोचा सौदा होतो, तोही ९९५ चाच. सोन्याचे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे विकत घेता येणारे सोन्याचे फंड, जे सोनं तिजोरीत ठेवतात, त्यालाही ९९५ पुरतं. मोठ्या बाजारात लगडीत निव्वळ सोनं किती निघतं ते मोजून तेवढ्याचेच पैसे देतात, त्यामुळे आकड्याचं कौतुक कुणाला नसतं. कौतुक आपल्या काउंटरवर, कारण तिथे काचेखालच्या पाटीवर नुसतं '२४ कॅरेट' लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दाखाली ९९५ आणि ९९९ दोन्ही खपतात. म्हणून कॅरेट विचारू नका, आकडा विचारा. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन ९९९, ९९५ आणि ९१६ चे भाव रोज वेगवेगळे जाहीर करते, जीएसटी न धरता. दुकानात जाण्याआधी मोबाइलवर ते बघून जा. ९९५ चं नाणं ९९५ च्या भावात मिळत असेल तर त्यात तुमचं काहीच बुडत नाही. ९९९ च्या भावात मिळत असेल तर दुकान बदला.

खरा पैसा जातो तो मजुरीत. नाण्याला कसली मजुरी, असं आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं विचारायची. छापणावळ, पाकीट, कंपनीचं नाव, सगळं त्यात येतं. नाणं जितकं लहान तितकी मजुरी टक्केवारीनं जास्त बसते, १ ग्रॅमच्या नाण्याला तर भलतीच. तुमचे ५ लाख घेऊ. मजुरी २ टक्के लावली आणि वर ३ टक्के जीएसटी, तर माझ्या धरलेल्या भावानं साधारण ४७.६ ग्रॅम सोनं हातात येईल. मजुरी ८ टक्के लावली तर ४५ ग्रॅमच्या आत. अडीच ग्रॅमपेक्षा जास्त सोनं, सव्वीस हजारांचं, निव्वळ मजुरीत गेलं. आणि तेवढ्याच सोन्यावर ९९५ की ९९९ या प्रश्नाची किंमत? जेमतेम १,९०० रुपये. तुम्ही ज्या आकड्यावरून रात्रभर जागताय तो लहान आहे. मोठा आकडा पावतीच्या खालच्या ओळीत आहे.

दुसरा खड्डा परत विकताना लागतो. माझीच गोष्ट सांगते. आईच्या पंचाहत्तरीला मी एका बँकेतून ५ ग्रॅमचं नाणं घेतलं होतं. पेढीवर बसून आपल्याच मालकाकडून काय घ्यायचं, हा एक आखडूपणा. दुसरं म्हणजे बँकेचं पाकीट दिसायला झोकदार. आईनं पहिल्याच दिवशी ते पाकीट कात्रीनं कापलं, नाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. पुढे दर पाडव्याला ती ते चिंच लावून घासायची, समईबरोबर. तिच्या औषधपाण्यासाठी विकायची वेळ आली तेव्हा बँकेत गेले, तर बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. हे मला, सोन्याच्या पेढीवरच्या बाईला, ठाऊक नसावं! मग एका सराफाकडे गेले. वजन भरलं ४.९८. मशीननं कस एकदा ९९.६ टक्के दाखवला, एकदा ९९.९. पाकीट नाही, क्रमांक नाही, म्हणून त्यानं ९९५ धरलं आणि वर दोन टक्के घट कापली. त्याला मी नावं ठेवत नाही, आमच्या पेढीवरही सुट्या नाण्याचं असंच व्हायचं. मशीन वरवरचा कस सांगतं, आतलं कळायला नाणं तोडावं नाहीतर गाळावं लागतं, आणि सीलबंद पाकीट नसेल तर समोरचा स्वतःच्या अंगावर जोखीम घेत नाही.

तेव्हा धनत्रयोदशीला पाकिटावरच कुंकू वाहा. लक्ष्मीला चालतं.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. अमेरिकेचं ईगल आणि दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड २२ कॅरेटचं असतं, हे अगदी खरं. पण ती नाणी 'एक औंस' म्हणून विकतात तेव्हा त्यात सोनं पुरतं एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम असतं. हीण त्याच्या वर घातलेलं, म्हणून अख्खं नाणं ३३.९ ग्रॅम भरतं. नाणं झिजू नये म्हणून ती जुनी पद्धत चालत आली; इंग्लंडात १५२६ पासून २२ कॅरेटचं सोनं नाण्यांत आहे. आपल्याकडे मात्र १० ग्रॅमचं २२ कॅरेटचं नाणं म्हणजे हिणासकट १० ग्रॅम, आत सोनं ९.१७. भाव २२ कॅरेटचा लावला तर फसवणूक नाही. पण तुलना करताना हे दोन वेगळे व्यवहार आहेत एवढं त्यांना सांगा. कॅनडाचं मेपल लीफ तर ९९९.९ चं असतं, तेही यूट्यूबवर असेलच.

चोख सोन्याचा दागिना करताना घट जाते ही समजूत मी इतक्या वेळा ऐकलीय की त्यावर थोडं थांबतेच. १० ग्रॅम ९९९ सोन्यात हीण मिसळून २२ कॅरेट केलं की वजन वाढून साधारण १०.९ ग्रॅम होतं. घडवताना कानशीनं, पॉलिशनं थोडं जातं, पण ते २२ कॅरेटचं नाणं गाळून दागिना केला तरी जाणारच. म्हणजे चोख सोनं घेतल्यानं नुकसान नाही. उलट २२ कॅरेटचं नाणं परत घ्यायची वेळ आली की पुष्कळ ठिकाणी त्याला जुन्या दागिन्यासारखंच वागवतात: गाळून बघू, डाग (सांधे जोडायला लावलेलं हीण) किती ते बघू. ते नाणं आहे, त्यात डाग कसला, हे सांगत बसावं लागतं.

दागिना करायचाच झाला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नाणं दुकानात देऊन तयार हार घेतलात, तर हाराच्या पूर्ण किमतीवर पुन्हा ३ टक्के जीएसटी बसतो, आणि नाणं देणं ही आयकराच्या लेखी विक्रीच धरली जाते. तेच आपलं सोनं ओळखीच्या सोनाराला देऊन घडवून घेतलं तर जीएसटी फक्त त्याच्या मजुरीवर. विट्याला असा सोनार शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता दीर. तुमच्या भावोजींच्या तुकड्यात खोट असेल असं मी म्हणत नाही. भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूस ९९५ म्हणतो तेव्हा ते ९९५ असतंच. अडचण पावतीची आहे. २३ जुलै २०२४ पासून नियम असा आहे की सोनं २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकलं तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. नफा म्हणजे विक्रीतून खरेदी वजा, आणि खरेदीचा कागदच नसेल तर वजा काय करणार? वाचलेला ३ टक्के जीएसटी तिथे व्याजासकट परत जातो. शिवाय बिनपावतीचा तुकडा घेऊन तुम्ही एखाद्या अनोळखी सराफाकडे गेलात की तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग तुकड्याकडे. आणि नात्याचं काय? विकताना कुणी कस कमी सांगितला तर तुम्ही भावोजींना विचारणार का? नाही विचारणार. मनात ठेवाल, आणि दिवाळीच्या फराळात ते उतरेल. भावोजींना विकत घेताना नको, विकताना बरोबर घ्या. काउंटरवर समोरच्यानं 'एवढी घट' म्हटलं की त्यांनी नुसतं 'कशी काय?' विचारलं तरी निम्मी घट उतरते.

तर घ्यायचं काय? मी तुमच्या जागी असते तर ९९९ ची, सीलबंद पाकिटातली, पाकिटावर वजन, कस आणि क्रमांक छापलेली १० ग्रॅमची नाणी घेतली असती, आणि उरलेल्या पैशांत एखादं ५ चं. ९९९ अशासाठी की लहान गिऱ्हाइकाला तो आकडा कुठेही समजावून सांगावा लागत नाही. सोनं जास्त आहे म्हणून नव्हे. दहाची अशासाठी की एकच ५० ग्रॅमचं घेतलं तर मजुरी थोडी वाचेल, पण कॉलेजची फी भरायला त्याचा तुकडा तोडता येत नाही. दागिन्यांना २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती आली तेव्हा नाणी आणि लगडी तिच्यातून वगळल्या होत्या, त्यामुळे दागिन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बघायची सवय झालेल्यांनी नाण्यावर तो नाही म्हणून घाबरू नये. पण मग पाकीट आणि पावती यांचीच किंमत, हेही समजून घ्यावं. पैसे चेकनं द्या, पॅन बरोबर न्या. २ लाखांच्या वरच्या खरेदीला तो लागतोच, आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला दुकानदारालाही मनाई आहे.

दुकान निवडताना त्याला एकच प्रश्न विचारा: 'हेच नाणं, हेच पाकीट, उद्या सकाळी परत आणलं तर किती द्याल?' वर्षानंतर नव्हे, उद्या सकाळी. भाव तोच असल्यामुळे उत्तरात लपायला जागा राहत नाही. लाख अधिक मजुरी अधिक जीएसटी घेऊन जो माणूस उद्या ९६ हजार देईन म्हणतो, त्याच्याकडचं ९९९.९ सुद्धा तुमच्या उपयोगाचं नाही. जो त्या दिवशीच्या पूर्ण भावानं घेईन म्हणतो, त्याच्याकडून पावतीवर तसं लिहून शिक्का मारून घ्या. 'ताई, विश्वास नाही का?' असं तो म्हणेलच. आमचे मालकही म्हणायचे. आणि गिऱ्हाईक हटून बसलं की लिहूनही द्यायचे.

एक न विचारलेलं सांगते. मुलगी नववीत, म्हणजे कॉलेजची पहिली फी तीन-चार वर्षांवर आली. तेवढ्या वेळात सोनं खालीही जाऊ शकतं. २०१२ च्या शेवटी तोळा ३१ हजारांच्या आसपास होता, २०१५ मध्ये तो २६ हजारांच्या आसपास आला होता. त्या वर्षी फीसाठी नाणी विकायला आलेले आईबाप मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेत. ५ लाखांतले फीचे पैसे मुदत ठेवीत ठेवा. लग्नाचं सोनं नाण्यांत. लग्न काय, दहा वर्षं लांबलं तरी चालेल.

राहिली गिनी. ती या हिशेबात घालू नका, निदान इतक्यात नको. गिनी म्हणजे इंग्रजांचं सॉव्हरिन, वजन जवळजवळ ८ ग्रॅम, कस २२ कॅरेट, आत सोनं ७.३२ ग्रॅम. सराफ तुम्हाला एवढ्याचाच भाव देईल, त्यातही घट धरून. पण मोडण्याआधी तिला भिंगाखाली धरा. एका बाजूला दाढीवाल्या पाचव्या जॉर्जचं डोकं असेल तर ती उलटा. घोड्यावर बसून अजगरासारख्या प्राण्याला मारणारा स्वार दिसेल. घोड्याखाली जमिनीची रेघ आणि तिच्याखाली साल. साल १९१८ असेल आणि त्या रेघेवर, सालाच्या बरोबर वर, टाचणीच्या टोकानं काढल्यासारखं इंग्रजी 'आय' हे अक्षर असेल, तर ती गिनी लंडनची नाही, मुंबईत पाडलेली आहे. पहिल्या महायुद्धात त्या एकाच वर्षी मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन पाडली गेली. तशी असली तर नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. आणि नसली तरी सासूबाईंना आधी विचारा, ती त्यांना कुणी दिली होती.